तिमारपूर ते मोशी : कचऱ्यातून विजेची छत्तीस वर्षं

दिल्लीतल्या तिमारपूरला १९८७ साली कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. तंत्रज्ञान डेन्मार्कचं, क्षमता रोज ३०० टन कचऱ्याची, वीज पावणेचार मेगावॉट. चाचणीचे २१ दिवस तो चालला आणि बंद पडला. किलोमागे १,४६२ किलोकॅलरी उष्णता मिळेल असं धरून भट्टी बांधली होती. दिल्लीचा कचरा भरला ६०० ते ७००! पुढे अनेक ठिकाणी जे झालं त्याची मेख या दोन आकड्यांत आहे.

आपल्या घरातून निघतात भाजीचे देठ, केळ्याच्या साली, उरलेला भात, निर्माल्य. रस्त्यावरून येते माती. कचऱ्यातलं एक किलो पाणी उडवायलाच सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. मग विजेसाठी उरतं काय? साखर कारखान्यातल्या बगॅसमध्येही, म्हणजे उसाच्या चिपाडातही, जवळपास निम्मं पाणी असतं, तरी त्यावर महाराष्ट्रात सहवीजनिर्मिती व्यवस्थित चालते. कारण चिपाड हंगामभर एकसारखं येतं, बॉयलर त्याच्याच हिशेबानं बांधलेला असतो. पालिकेच्या गाडीतून आज काय उतरेल याचा भरवसा नाही.

लखनौला कचरा कुजवून वायू आणि त्यापासून वीज करण्याचा ५ मेगावॉटचा प्रकल्प २००३च्या सुमारास आला. मिसळलेल्या कचऱ्यानं तोही बसला. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकल्पांचं सरकारी अनुदान रोखलं. २००७मध्ये वाट थोडी मोकळी केली, तीही मोजक्या प्रायोगिक प्रकल्पांपुरती.

२०१२मध्ये दिल्लीतल्याच ओखल्याचा, कचरा जाळणारा १६ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला आणि लगतच्या वस्त्यांनी धुराविरुद्ध दाद मागितली. २०१७मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं २५ लाखांची भरपाई आकारून प्रकल्प चालू ठेवला. रहिवाशांची भीती अनाठायी नव्हती. प्लास्टिक नीट जळलं नाही तर डायऑक्सिन हे घातक रसायन तयार होतं. म्हणूनच २०१६च्या घनकचरा नियमांत भट्टीच्या दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश तापमान आणि तिथे वायू निदान दोन सेकंद राहण्याची अट घातली गेली. ओला कचरा आत गेला की नेमकं हे तापमानच ढासळतं.

अशा प्रकल्पात गाड्या रिकाम्या होतात त्या खोल खड्ड्यात कचरा काही दिवस निथळत ठेवतात. वरून क्रेनचा लोखंडी पंजा उतरतो, ढीग उचलतो, पुन्हा आपटतो, खालीवर करतो. तळाशी काळं, आंबूस पाणी साचतं. जे काम स्वयंपाकघरात दुसरी बादली ठेवून झालं असतं, ते इथे यंत्राला, तेही अर्धवट, करावं लागतं.

पिंपरी-चिंचवडच्या मोशी डेपोतला १४ मेगावॉटचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ला सुरू झाला. महाराष्ट्रासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि तो नीट चालावा असं मला मनापासून वाटतं. पण एक पेच तिथेही सुटत नाही. उत्तम जळतो तो कागद आणि प्लास्टिक, आणि त्यावरच कचरावेचक बायांची चूल पेटते. पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली ती या मालावरच्या हक्कासाठी. पुन्हा वापरता येणारा माल आधी त्यांच्या हाती गेला पाहिजे. २०१६च्या नियमांनीही तेच सांगितलं: ज्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्यात किलोमागे किमान १,५०० किलोकॅलरी आहेत, तो कचरा विजेसाठी.

ओल्याची वाट वेगळीच. गोव्यात साळगावला २०१६पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस करून वीज बनते.

कचरा जाळून केलेली वीज स्वस्तही नाही. केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०१५मध्ये तिचा दर युनिटमागे ७.०४ रुपये धरला होता. दोनच वर्षांत राजस्थानात सौरविजेची बोली २.४४ रुपयांवर आली. विजेसाठी म्हणून कुणी कचरा जाळू नये. डेपोवरचा डोंगर वाढू नये यासाठी, उरलासुरला सुका कचराच जाळावा. आणि ज्या शहरात भट्टी आहे तिथल्या नागरिकांनी दोन गोष्टी धरून ठेवाव्यात: घरात ओला-सुका वेगळा करायचा, आणि चिमणीतल्या वायूंची मोजमापं पालिकेकडून नियमित मागून घ्यायची.