एकच निदान, दोन खाटा

आजचा प्रश्न असा: सरकारी रुग्णालयात मनोविकाराच्या उपचाराचा दर ठरवायचा कसा? रुग्णाकडून किती घ्यायचे हे मी विचारत नाहीये. सरकारनं रुग्णालयाला किती द्यायचे, तो हा दर.

रुग्णालयाच्या हिशेब खात्यात असताना मला वाटायचं, यात काय अवघड? आजाराचं नाव बघा, दर लावा. अपेंडिक्सला हे चालतं, कारण बहुतेकांचा मुक्काम आणि खर्च साधारण सारखा असतो. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी योजनेनं १९८३ पासून असेच निदानावरून दर लावले. पण मनोरुग्णालयं मात्र त्यातून वगळली, कारण तिथे निदानावरून खर्चाचा अंदाज येत नव्हता.

का येत नव्हता? समजा, शेजारच्या दोन खाटांवर स्किझोफ्रेनियाचे दोन रुग्ण आहेत. एकाला औषध लागू पडलं, दहा दिवसांत तो घरी गेला. दुसरा जेवत नाही, अंगावर धावतो, रात्रभर जवळ माणूस लागतो आणि घरचं कुणी न्यायला येत नाही. तो चार महिने तिथेच. केसपेपरवर निदान एकच. दरही एकच ठेवला, तर रुग्णालयाला पहिला परवडतो, दुसरा नाही. मग दुसऱ्याला दाखल करून घेताना हात आखडतो.

ऑस्ट्रेलियानं यावर मनोविकारांसाठी वेगळं वर्गीकरण केलं. जुलै २०२२ पासून दाखल रुग्णांचे दर त्यावरून ठरू लागले. त्यात मुख्य प्रश्न असा: सध्या उपचार कशासाठी चालू आहेत? त्याची उत्तरं पाच. नुसती तपासणी. तीव्र लक्षणं आटोक्यात आणणं. रोजचे व्यवहार पुन्हा जमू लागणं. जमलेलं टिकवणं. आणि दीर्घकाळ गंभीर असलेल्या माणसाची अवस्था आणखी बिघडू न देणं. सोबत वय बघतात आणि बारा मुद्द्यांवर ० ते ४ गुण देतात. आक्रमकपणा, स्वतःला इजा, नातेसंबंध, राहण्याची सोय, असे ते मुद्दे. म्हणजे दुसऱ्या खाटेवरच्या माणसाची अडचण इथे कागदावर येते. रुग्णालयाबाहेर, वस्तीत मिळणाऱ्या सेवाही याच वर्गीकरणात बसवल्या आहेत.

यात दोष नाहीत असं नाही. टप्पा डॉक्टर किंवा नर्स ठरवतात, आणि दोघांचं मत दरवेळी जुळेलच असं नाही. फॉर्म भरण्यात वेळही जातो.

आता आपल्याकडे या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरायला सांगितलं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत विमा योजनेत मनोविकारांची पॅकेजेस आहेत. पण ती दाखल होणाऱ्यांसाठी. दर महिन्याची ओपीडीची फेरी, वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्या, समुपदेशन, हे त्यात नाही. मनोविकाराचे बहुतेक उपचार तर असेच, घरी राहून होतात. गोळ्या सुटल्या की आजार उलटतो आणि माणूस पुन्हा वॉर्डात येतो. तेव्हा मात्र योजना लागू होते!

म्हणून माझं म्हणणं एवढंच: दर ठरवताना आधी माणसाची गरज मोजा, आणि ओपीडीचीही मोजा. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला किंवा बडोद्याला, जवळच्या सरकारी रुग्णालयात एकदा विचारून बघा की मानसोपचाराच्या ओपीडीसाठी पैसे कुठून येतात. उत्तर मिळालं तर मलाही कळवा. भेटू पुढच्या भागात.