धान्याची कोठी आणि विजेचे मनोरे

खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी नळांतून खाली येई, जनित्रे फिरवी आणि खोपोलीत पाताळगंगेला, तर भिवपुरीकडे उल्हास नदीला मिळे. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत मनोरे उभे राहिले. त्यांच्या तारांखाली भात लावणाऱ्या कुळांच्या घरात मात्र रॉकेलची चिमणीच होती. मुंबईची गिरणी आणि रायगडचे शेत अशी या तारांनी जोडली गेली. कामगार संघटना गिरणीत वाढली आणि सहकाराची निकड शेतात होती.

इंग्लंडमध्ये या दोन्ही चळवळी एकाच वस्तीत वाढल्या. मजुरांनी एकत्र येण्यावर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी घातलेली बंदी १८२४ मध्ये उठली, तरी धाक संपला नाही. १८३४ मध्ये टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची गुप्त शपथ घेतल्याबद्दल सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले. दहा वर्षांनी, डिसेंबर १८४४ मध्ये, रॉचडेल या कापडाच्या गावी विणकर आणि इतर कारागिरांनी २८ पौंड भांडवलावर सहकारी दुकान उघडले. माल थोडाच होता: पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. भेसळ करायची नाही, वजन पुरे द्यायचे, उधारी ठेवायची नाही आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा, हे त्यांचे नियम. त्या काळी पिठात खडू आणि तुरटी मिसळली जाई; म्हणून चोख पीठ विकणे हेच मोठे काम होते.

मुंबईत सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांनी केली. सत्यशोधक विचारांचे आणि ‘दीनबंधु’ पत्र चालवणारे लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे गेले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई, एवढेच त्यांचे मागणे होते. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मंजूर झाली. लोखंड्यांच्या संघटनेकडे वर्गणी नव्हती, निधी नव्हता, सभासदांची यादीही नव्हती. तरीही हे यश मिळाले, आणि ते मोठेच म्हणायला हवे.

वर्गणी, नियम आणि नोंदणी यांची घडी बसवण्यात पुढाकार घेतला तो रायगड जिल्ह्याच्याच माणसाने. नारायण मल्हार जोशी माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि तिच्यामार्फत कामगार वस्त्यांत वाचनालये, रात्रशाळा आणि सहकारी पतपेढ्या चालवल्या. रॉचडेलची वाट त्यांनी परळमध्ये आणली, असे म्हणायला हरकत नाही. १९२१ मध्ये कायदेमंडळात त्यांनी कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा आग्रह धरला. त्यातूनच १९२६ चा कायदा झाला.

गावाकडे दुखणे वेगळे होते. आषाढ लागला की कणगी रिकामी होई. लावणीच्या दिवसांत घरात दाणा नसे आणि सावकाराकडून खावटी उचलावी लागे. एक मण भात घेतले की सवाईने सव्वा मण, दिढीने दीड मण परत करायचे, तेही पीक खळ्यावर असतानाच. मोजणारा सावकाराचा, माप त्याचेच. घरी नेण्यापूर्वीच रास निम्मी होई आणि पुढच्या आषाढात पुन्हा त्याच दारात जावे लागे. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला, पण तो तारण किंवा जामीन देऊ शकणाऱ्यांच्या उपयोगाचा. ज्याची जमीनच दुसऱ्याची, त्याला कागदी पत कुठून मिळणार?

ही अडचण ओळखली माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी. १ डिसेंबर १९१२ ला एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्यांनी कर्जत तालुक्यात शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्य बँका उभ्या केल्या. कल्पना साधी होती. सुगीत सामाईक कोठीत भात जमा करायचे आणि नडीच्या महिन्यांत त्यातूनच गरजवंताला द्यायचे, म्हणजे सावकाराची पायरी चढावी लागणार नाही. रोख भांडवल नाही, तर भाताचेच भांडवल. कुळाकडे जे होते त्यावरच उभा राहिलेला हा सहकार होता, आणि म्हणून त्याचे मोल जास्त.

१९४२ च्या चळवळीत भाईंनी आझाद दस्ता उभारला. मुंबईचे कारखाने आणि रेल्वे थंडावावी म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात दस्त्याने याच भागातले विजेचे मनोरे पाडले. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ ला पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले.

मनोऱ्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. धान्याच्या कोठीची तितकी सांगितली जात नाही. कर्जत-खालापूरच्या ज्या घरांतून त्या काळच्या वह्या, पावत्या किंवा मापे अजून असतील, त्यांनी ती रद्दीत वा भंगारात जाऊ देऊ नयेत. जवळच्या वाचनालयात नोंदवून ठेवावीत.