चाकांवरचं शास्त्र (९) : पितळेला गंधक सोसत नाही

रविवारी सकाळी गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याला गाड्या लागतात तेव्हा त्यांच्यात सरळ दोन जाती दिसतात. चोर दरवाज्याच्या वाटेने गड चढायला पुण्याहून आलेल्यांच्या स्विफ्ट आणि वॅगन-आर एका बाजूला. मार्गासनी-साखरकडून माणसं, भाताची पोती, सिमेंट वाहणाऱ्या बोलेरो दुसऱ्या बाजूला. जरा वाकून मागच्या चाकांच्या मधे बघा. बोलेरोच्या आसाच्या मध्यावर लोखंडाचा एक फुगीर गोळा दिसेल. स्विफ्टच्या मागे तसलं काही नाही. गेल्या आठवड्यात आपण क्लच उघडला होता. आज त्याच्या पुढचा गिअरबॉक्स आणि हा मागचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल. दोघांच्या पोटात तेल असतं. प्रश्न इतकाच, की कुठलं?

तिथल्या एका बोलेरोवाल्या दादांचं उत्तर तयार होतं : "नव्वद नंबर टाकायचं. गिअरात पण तेच, मागं पण तेच." गावोगावच्या गॅरेजात हेच ऐकू येतं. त्यात खोटं काही नाही, पण निम्मीच गोष्ट आहे.

नव्वद हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. डब्यावर ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यूचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आणि दुसरा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला तापल्यावरच्या दाटपणाचा. इंजिनात आपण ४० नंबरचं तेल घालतो, मग ९० म्हणजे दुपटीहून दाट, असा हिशेब पुष्कळजण करतात. तो चुकतो, कारण मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. शर्ट चाळिसाचा आणि चप्पल आठाची, म्हणून पाय शर्टापेक्षा पाचपट लहान ठरत नाही. गरम असताना ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं.

उरलेली निम्मी गोष्ट डब्यावरच बारीक अक्षरात असते : जीएल-४ किंवा जीएल-५. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने पाडलेले हे वर्ग आहेत. पाचवी चौथीच्या वरची, म्हणून पाच चांगलं, असं इथे धरायचं नाही. हे दोन वेगळ्या दुखण्यांवरचे दोन काढे आहेत.

आधी मागचं दुखणं. इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट पिनियन नावाचं छोटं चक्र फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. सुरुवातीच्या गाड्यांत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्याच्या रेषेत असायचा. १९२६ च्या सुमाराला अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने तो मध्याच्या खाली सरकवलेली जोडी मोटारीत आणली. हीच हायपॉइड रचना. शाफ्ट खाली गेला, गाडीची बैठकही खाली आली आणि दातांची पकड लांबली. पण त्याची किंमत मोजावी लागली. हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, लांबवर घासत सरकतात, तेही प्रचंड दाबाखाली. त्या दाबात साध्या तेलाचा थर पिळून निघतो आणि लोखंडाला लोखंड भिडतं.

यावरचा उपाय म्हणजे गंधक. जीएल-५ तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. दात जिथे घासून तापतात, नेमकी तिथेच ती पोलादाशी संयोग पावतात आणि एक मऊ पापुद्रा धरतात. झिजतो तो पापुद्रा, दात वाचतो. पापुद्रा गेला की पुन्हा धरतो. पाबे घाट उतरताना आपण दुसरा गिअर ठेवतो, गाडी इंजिनाने धरलेली असते. तेव्हा दाब दातांच्या दुसऱ्या अंगावर येतो. गाडीत दहा माणसं असतील तर त्या पापुद्र्याची खरी परीक्षा तिथे असते. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर जी उग्र, नाक मुरडायला लावणारी घाण येते, ती या गंधकाचीच.

आता गिअरबॉक्स. इथे बहुतेक गाड्यांत पितळी रिंगा असतात. दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना दोन चक्रांचे वेग वेगळे असतात. रिंग मधे येऊन घासते, वेग जुळवते, मग गिअर बसतो. म्हणजे या रिंगेला थोडं घर्षण लागतंच.

घरात कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं असेल, तर आजी त्यात ताक ठेवू देत नसे. ताक कळकतं. आंबटपणा पितळेला खातो, तसं तेलातलं तिखट गंधकही पितळेतल्या तांब्याला लागतं. तेल कंपन्या म्हणूनच तांब्याची पट्टी गरम तेलात बुडवून ती किती काळवंडते ते तपासतात. जीएल-५ मधे ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. हल्लीची पुष्कळ जीएल-५ तेलं पितळेला पूर्वीइतका त्रास देत नाहीत, हे खरं. पण दुसरी अडचण राहतेच : या रसायनांनी रिंग निसटती झाली, की वेग जुळवणारच नाही.

मी एकदा जुनी गाडी घेतली आणि एका गॅरेजात "मागं टाकतो तेच पुढं" टाकून घेतलं. थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकला की कर्रऽऽ. गिअरबॉक्स उतरवायचा, असं निदानही झालं. ते करण्याआधी तेल काढून जीएल-४ भरलं. आठवड्याभरात कर्र थांबली.

मग स्विफ्टचं काय? तिची पुढची चाकं ओढतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात. इंजिन आडवं असल्याने तिथे हायपॉइड जोडी लागत नाही, तिरप्या दातांची साधी चक्रं भागवतात. म्हणून अशा गाड्यांना बहुधा ७५डब्ल्यूचं पातळ जीएल-४ सांगितलेलं असतं. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत दोन पेट्या, म्हणून बहुधा दोन डबे. दोन्हीकडे शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट मात्र या खोऱ्यातला पाऊस शिकवतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना तापलेली गाडी त्यात घातली, की मागच्या गोळ्यातली हवा एकदम थंड होऊन आकसते. वरचा ब्रीदर, म्हणजे हवेचं बारीक भोक, चिखलाने बुजलं असेल तर ती हवा ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. बाहेरून काहीच कळत नाही.

दादांची गाडी सपाटीला होती. मी म्हटलं, बघू या. त्यांनी खालचा ड्रेन प्लग आधी खोलायला पाना लावला, मी थांबवलं. आधी वरचा लेव्हल प्लग सुटतो का ते बघायचं. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर भरणार कुठून? वरचा सुटला. दादांनी करंगळी आत घालून बाहेर काढली. तेल भोकाच्या काठापर्यंत होतं, पण मधाच्या रंगाचं नव्हतं. पांढुरकं, फेसाळ.

"ताक झालंय की," दादा म्हणाले.

तेल उतरवलं. ड्रेन प्लगच्या चुंबकाला काजळासारखी मऊ पूड होती, ती असतेच. दाताचा टवका नव्हता. ब्रीदर तारेने मोकळा केला. जीएल-५ चा नवा डबा भोकातून ओघळेपर्यंत भरला. "आणि उरलेलं गिअरात?" दादांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच झाकण घट्ट लावून डबा सीटखाली सरकवला.

(पुढील आठवड्यात : घाट उतरताना ब्रेक का विरघळल्यासारखा वाटतो?)