कुत्री अडली तर

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुत्री व्यायला बसते ती माणसांची नजर चुकवून: पेंढ्याच्या उडवीमागे, चिकूच्या वाडीतल्या पाचोळ्यात, कुडाच्या भिंतीलगत उकरलेल्या खळग्यात. बहुतेकदा सकाळी पिल्ले दुधाला लागलेलीच दिसतात. पण एखादी अडते, आणि मग आसपासच्या माणसांनी किती वेळ वाट पाहिली यावर तिचा जीव अवलंबून राहतो. कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेची सोय इथे प्रत्येक गावात नाही. तलासरीकरांना वापी जवळ पडते. डहाणूहून मुंबई शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. रात्रीच्या वेळी गाडी मिळवण्यातच तास निघून जातो, म्हणून केव्हा निघायचे हे आधीपासून ठाऊक हवे.

कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. एरवी 101 ते 102 अंश फॅरनहाइट असणारे तिचे तापमान विण्याआधी 99 च्या खाली उतरते आणि बहुधा 24 तासांत ती विते. आधी ती धापा टाकते, जमीन उकरते, खाणे सोडते. हे 6 ते 12 तास चालते, पहिलटकरणीचे जास्तही. मग पोट आवळून ती जोर लावू लागते. दोन पिल्लांमध्ये अर्धा-एक तास जातोच. मधल्या वेळात ती निवांत पडून पिल्ले चाटत असेल, तर दोन तास गेले तरी काळजीचे कारण नाही. मागचे पाय आधी दिसले म्हणूनही घाबरू नये. जवळपास 40 टक्के पिल्ले तशीच जन्मतात.

मात्र 20 ते 30 मिनिटे सलग जोर लावूनही पिल्लू बाहेर आले नाही, तर निघावे. कळा मंद असून दोन तास उलटले, किंवा पोटात पिल्ले असताना चार तास काहीच हालचाल नाही, तरीही निघावे. पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर आत वार सुटू लागली आहे आणि पिल्लाचा प्राणवायू तुटतो आहे असे समजावे. पहिले पिल्लू झाल्यावर तोच स्राव नेहमीचा असतो.

अडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गर्भाशय थकणे. कधी पिल्लू आडवे येते. कधी पोटात एकच असते आणि ते भलते मोठे वाढलेले असते. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या कुत्र्यांबाबत आणखी एक शक्यता धरावी लागते. गाडीच्या धडकेत मोडलेले कमरेचे हाड वेडेवाकडे सांधले, की पुढे पिल्लाची वाटच अरुंद होते. अशी कुत्री चालताना धडधाकट दिसते, म्हणून जुना अपघात डॉक्टरांना आवर्जून सांगावा. पग, बुलडॉग यांची पिल्ले मोठ्या डोक्याची असल्याने त्यांच्या मालकांनी शस्त्रक्रियेची तजवीज आधीच करून ठेवावी.

पिल्लू योनीमुखाशी अर्धे येऊन अडकले असेल, तरच घरच्या माणसाने हात घालावा. वेदनेत ओळखीची कुत्रीही चावते. एकाने डोके धरावे, दुसऱ्याने हातमोजे घालावेत. चावलेच तर जखम साबणाने 15 मिनिटे धुऊन लस घ्यायला जावे. पिल्लू ओल्या स्वच्छ फडक्यात, खांद्यामागे किंवा कमरेपाशी धरावे. एकटा पाय किंवा नुसते डोके ओढू नये. कुत्री जोर लावील तेव्हाच, तिच्या मागच्या पायांच्या दिशेने, खाली वळवत ओढावे. कळ थांबली की आपणही थांबावे. 10 मिनिटांत सुटले नाही, तर ओढाताण सोडून गाडी पकडावी.

कळा येण्यासाठी कुणाकडून तरी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचून घेणे हा या सगळ्यातला सर्वांत घातक उपाय. वाट बंद असताना ते दिले तर गर्भाशय फाटू शकते. कॅल्शियमचे इंजेक्शनही हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवून डॉक्टरांनीच द्यायचे. 1962 या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. फोन करतानाच गाडीचीही शोधाशोध सुरू ठेवावी.

आईने वेष्टन फोडले नाही तर ते लगेच फाडून पिल्लाचे नाक-तोंड पुसावे, डोके किंचित खाली धरावे आणि टॉवेलने पाठ-छाती जोरात चोळावी. पिल्लाला झोके देण्याची जुनी रीत टाळावी. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. नाळ पोटापासून दोन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून पुढे कापावी. नवजात पिल्लाला थरथरून ऊब आणता येत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावरचा पहाटवारासुद्धा त्याला गार पडतो. दवाखान्याच्या वाटेवर झालेली पिल्ले खोक्यात, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून सोबत न्यावीत.

पुढचे तीन-चार आठवडे आईवर लक्ष हवे. ती अस्वस्थ होऊन थरथरू लागली, पाय ताठरले, तर दुधावाटे रक्तातले कॅल्शियम ओसरले आहे; पिल्ले बाजूला काढून तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. सिझेरियन करावे लागलेच, तर त्याच वेळी गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकता येतात. त्याने दूध आटत नाही, आणि पिल्ले पोसली जातात.