डबा चांगला, पिन गंजलेली!

‘इंजिनिअरिंगला आहेस ना, मग लाव बघू’ हे वाक्य घरी कोणी ऐकलं नाही? गणपतीच्या सुट्टीत मालवणला पोचलो, तर नवा केबल मोडेम माझीच वाट पाहत होता. बहिणीच्या शिष्यवृत्ती अर्जाची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती. जोडणी केली, पण ऑनलाइनचा दिवा नुसता लुकलुकतोय! आई म्हणाली, "नवो डबो हाडलास, पण नेट खंय आसा?"

लुकलुकणं म्हणजे काय? मोडेम सुरू झाला की आधी तारेवर सिग्नल शोधतो, मग केबलवाल्याच्या यंत्रणेला आपला मॅक अ‍ॅड्रेस सांगतो. तो नोंदलेला असेल तरच इंटरनेट. म्हणून डब्याखालचा हा नंबर आधीच कळवावा लागतो. तो मी कळवला होता. म्हणजे घोळ सिग्नलचा.

मग वायर तपासली. टीव्हीच्या चार वाटांच्या स्प्लिटरवरूनच मोडेमला जोड दिलेली. असा स्प्लिटर सिग्नल सुमारे ७ डेसिबलनं घटवतो, म्हणजे ताकद उरते जेमतेम एक पंचमांश! दोन वाटांचा सुमारे ३.५ डेसिबल खातो. त्यात खाऱ्या हवेनं मधल्या तारेवर हिरवट थर चढलेला. टोक कापून नवा कनेक्टर बसवला. सुरुवातीलाच दोन वाटांचा स्प्लिटर लावला. एक वाट थेट मोडेमला, दुसरी टीव्हीकडे. थोड्या वेळात दिवा स्थिर! अर्ज अकराला गेला.

तेव्हा किनाऱ्यावरच्या मंडळींनो, डब्याला शिव्या घालण्याआधी पिन बघा.