नरकाचा करारनामा

इटलीतल्या चर्चच्या भिंतींवर रंगवलेल्या नरकांनी मला वर्षानुवर्षं झपाटलं आहे. जॉत्तोचा पादुआतला नरक बहुतेकांना ठाऊक असतो. त्यातले सावकार आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनी लटकलेले आहेत. सान जिमिन्यानोत तादेओ दि बार्तोलोने तर पापांची नावंच भिंतीवर लिहिली. हे नरक भयंकर आहेत, पण बघणाऱ्याला पळवाट ठेवतात. ज्याने कधी व्याजाने पैसा लावला नाही, तो सावकारांसमोरून निर्धास्त पुढे जातो.

ही पळवाट ओर्व्हिएतोच्या कथीड्रलमध्ये बंद झाली. तिथल्या नव्या चॅपेलचं काम 1447 मध्ये फ्रा आंजेलिकोने सुरू केलं आणि छताचा थोडा भाग रंगवून सोडलं. पुढची पन्नासेक वर्षं ते रखडलं. चित्रकार पेरुजिनोची मनधरणी करून कथीड्रलचे कारभारी थकले. अखेर एप्रिल 1499 मध्ये कोर्तोनाच्या लूका सिन्योरेल्लीशी करार झाला.

हा करारनामा मला फार मोलाचा वाटतो. उरलेल्या छताचे 180 डुकाट ठरले. आकृत्या, विशेषतः चेहरे आणि कंबरेपासून वरचा भाग, लूकाने स्वतः रंगवायचा, रंगही त्यानेच कालवायचे आणि तो हजर नसताना काम चालवायचं नाही, अशा अटी होत्या. भित्तिचित्रात त्या दिवशी लावलेला गिलावा ओला असेतो रंगवावं लागतं. एवढ्या मोठ्या कामात मदतनिसांवाचून निभत नाही. म्हणून गिऱ्हाइकाने उस्तादाचा हात कुठे हवाच, ते कागदावर बांधून घेतलं. छत पसंत पडलं आणि 1500 मध्ये भिंतींचं काम 575 डुकाटांना त्यालाच मिळालं. 1504 पर्यंत ते पुरं झालं.

करारात शरीराचा जो भाग दुय्यम धरला होता, तोच नरकात लोटलेल्या शापितांचं चित्र असलेल्या भिंतीवर चेहऱ्यांइतका बोलतो. ताठरलेल्या पोटऱ्या, एकमेकांत अडकलेल्या मांड्या. एक सैतान दोर आवळतो, दुसरा खाली पडलेल्या बाईचा पाय पिरगळतो. वर एक पंखवाला सैतान एका बाईला पाठीवर घेऊन उडतो आणि मान वळवून तिच्याकडे बघत हसतो. चिलखत घातलेले तीन देवदूत उंचावर पहारा देतात. माणसं गिळणारा अजस्र सैतान इथे नाही, कढया नाहीत, पापांचे वेगवेगळे कप्पे नाहीत. आगही एका कडेला सरली आहे. सैतानांची शरीरं माणसांसारखीच घोटीव आहेत. हिरव्या, जांभळ्या, राखाडी कातडीमुळे आणि शिंगांमुळेच ते वेगळे कळतात.

या चित्रणाला निव्वळ शरीररचनेचं प्रदर्शन म्हणणं मला मुळीच पटत नाही. सिन्योरेल्लीने शापितांच्या अंगावरून कपड्यांबरोबर धंद्याच्या खुणाही काढून घेतल्या. लटकती थैली नाही की पापाची पाटी नाही. हा सावकार, हा खादाड, असं बोट दाखवायची सोय उरत नाही, आणि बघणारा स्वतःला त्या गर्दीतून वगळू शकत नाही. मायकेलँजेलोने सिन्योरेल्लीचं काम नेहमी वाखाणलं, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हाझारी सांगतो. सिस्टाइन चॅपेलमधल्या, 1541 मध्ये पूर्ण झालेल्या मायकेलँजेलोच्या ‘अंतिम न्याया’तही भीती उघड्या शरीरांतूनच येते. त्या चित्रासमोर रोज रांगा लागतात. त्याआधीची ही वाट ज्याने पाडली, त्या कोर्तोनाच्या चित्रकाराला मी नरकाच्या चित्रकारांत पहिलं स्थान देतो.