डास आणि धुपाटणें

तिन्हीसांजा झाल्या, देवापाशीं दिवा लागला, कीं पुष्कळ घरांतून धुपाटणें फिरूं लागतें. निखाऱ्यांवर कडुलिंबाचा वाळलेला पाला, ऊद, कधीं लसणीच्या सालीहि पडतात, आणि मंडळी डोळे पुशीत म्हणतात, "गेले एकदांचे डास!" ते जातात हें खरें, पण किती वेळ? धूर कोंडलेला आहे तोंवर डासाला माणसाचा माग नीट लागत नाहीं. खिडकी उघडली, धूर विरला, कीं स्वारी पुन्हां हजर. मध्यंतरीं दमेकऱ्याच्या आणि तान्ह्या मुलाच्या छातींत मात्र तो धूर गेलेला असतो.

हा माग लागतो कसा, हें कळलें म्हणजे इतर उपायांचीहि परीक्षा होते. चावते ती मादी; अंडीं घालण्यासाठीं तिला रक्त हवें असतें. माणसाच्या उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड वायु तिला दुरून जाणवतो, आणि जवळ आल्यावर अंगाची ऊब व घामाचा वास. तेव्हां तिला चकवावयाचें तर उग्र वास अंगावरच पाहिजे. खिडकींतली तुळस किंवा लवंगा टोंचलेलें लिंबू तेथें पुरें पडत नाहीं. लसूण खाल्ल्यानें डासापेक्षां शेजारचा माणूसच दूर सरण्याचा संभव अधिक! सिट्रोनेलाचें तेल गवती चहाच्या जातीच्या गवतापासून काढतात. तें अंगाला चोळल्यास गुण येतो, परंतु तेल उडून जाणारें. तास-दोन तासांत त्याचा प्रभाव संपतो. अमेरिकन सैन्यासाठीं १९४६ सालीं शोधून काढलेलें 'डीट' हें औषध पुष्कळ अधिक टिकतें.

शिवाय धुपाटण्याची वेळच अर्धी चुकलेली असते. हिवताप पसरविणारा ॲनाफिलीस डास रात्रीं चावतो. डेंग्यूचा एडिस दिवसां, विशेषतः सकाळीं आणि दुपार कलल्यावर. त्यामुळें दुपारीं पाळण्यांत निजलेल्या मुलालाहि मच्छरदाणी हवी, आणि तिची कड गादीखालीं नीट खोंवलेली हवी.

पण आलेला डास हांकलण्यापेक्षां तो येतो कोठून, हें पाहणें अगत्याचें. डासामुळें हिवताप होतो याचा पुरावा सर रोनाल्ड रॉस यांना १८९७ सालीं सिकंदराबादेस सांपडला. पुढें १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिवतापाचा अहवाल लिहिला. त्यांत दोष निघाला तो गांवाबाहेरच्या दलदलीचा नव्हे, तर शहरांतील वाड्यावाड्यांतल्या विहिरींचा आणि टांक्यांचा. विहिरी झांकण्याची मोहीम निघाली, तेव्हां धर्मभावना दुखावल्या आणि बराच वाद माजला. तरी रोख बरोबर होता.

एडिसला तर विहीरहि लागत नाहीं. फुलदाणी, कुंडीखालची बशी, गच्चीवरचें उघडें पिंप त्याला पुरतें. उबदार हवेंत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यांतून एकदां सर्व भांडीं रितीं करावयाचीं. मात्र नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. एडिसचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून कोरडींच महिनोन् महिने जिवंत राहतात, आणि पाणी भरतांच त्यांतून अळ्या निघतात. पिंप आंतून काथ्यानें खसखसून घासावें लागतें.